भूपट्ट, मेंढरं आणि तुझी ती लाडकी

आई,

तुझ्या लाडकीचा फोन आला होता. लाडकी कोण हे तुला सांगायला नको. मेंढपाळांच्या वस्तीवरची, तीच. तिनं मुलांसाठी एक पुस्तक लिहिलंय, पृथ्वीच्या कवचावर. हे कवच कसं मोठमोठ्या तुकड्यांचं बनलंय, ते तुकडे, म्हणजे तुझे भूपट्ट, कसे सरकतात, त्यांच्या कडा भेटतात तिथं डोंगर कसे उठतात आणि दूर जातात तिथं समुद्राचा तळ कसा फाटतो. सगळं तू शिकवलेलंच. तिनं त्यावर डॉक्टरेट केली एवढंच. तर पुस्तक छापायला चाललंय आणि पहिल्या पानावर, जिथं पुस्तक कुणाला तरी अर्पण करतात, तिथं तिला एकच शब्द लिहायचाय, ‘आईला’. म्हणजे तुला. ‘माझी आय जिवंत होती तवा तीच म्हनायची, तुला शिकवली ती खरी आई,’ असं ती म्हणाली. आणि लिहू का, असं तिनं मला विचारलं. तुझ्या पोटची मी एकटी, म्हणून परवानगी माझी. मी म्हणाले, विचार करून सांगते. अजून काही सांगितलेलं नाही, आणि माझं पोट दुखतंय हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

तू गेल्याला वीस वर्षं होऊन गेली. शहराचं नाव बदललं. मी शहरालगतच्या सातारा परिसरात राहते. तुझ्या वेळी इथं ज्वारी होती, आता चार मजल्यांच्या इमारती आणि त्यांच्या दारात टँकर. नळ यायचा दिवस ठरलेला असतो आणि तो चुकतोही. नोकरी मोजणीचीच. गेली कितीतरी वर्षं मी लोकांचे बांध मोजते आहे. बिडकीनकडच्या जमिनी कारखान्यांसाठी गेल्या तेव्हा आपल्या गावचं तळंही मीच मोजलं. यंत्र तीन पायांच्या तिकाटण्यावर लावलं, काठ धरला, आकडे घेतले आणि घरी आले. भावाभावांत हातभर जमिनीवरून डोकी फुटतात, तिथं उन्हात उभी राहून मी खुणेचा दगड दाखवते. तुझी लाडकी खंडांच्या कडा मोजते, हिमालयात यंत्रं लावते, परदेशात भाषणं देते. मोजणारी मीही, मोजणारी तीही. पण लोक विचारतात तेव्हा ‘बाईंनी घडवलं’ असं तिलाच म्हणायला मिळतं. मी तर काय, घरचीच.

घरची असण्याचं काय होतं ते तुला कळलं होतं का गं? पाचवी ते दहावी मी तुझ्या शाळेत होते. फाटकातून आत पाऊल टाकलं की तू बाई व्हायचीस. सकाळी ज्या हातानं माझी वेणी घातलीस, त्याच हातात छडी. पाचवीत, पहिल्याच आठवड्यात, मी चुकून वर्गात ‘आई, मला पाणी’ असं म्हणाले. सगळा वर्ग खिदळला. तू फळ्याकडची मान वळवलीस आणि म्हणालीस, ‘इथं कुणाची आई नाय. बस खाली.’ मी बसले. पाणी मधल्या सुट्टीत प्यायले. त्यानंतर वर्गात माझ्या तोंडून तो शब्द पुन्हा कधी निघाला नाही. पेपर तपासताना तू माझा अर्धा गुण हमखास कापायचीस, अक्षरासाठी नाहीतर समासासाठी. बाबांनी एकदा विचारलं तर म्हणालीस, ‘घरच्या पोरीला झुकतं माप दिलं असं गावानं म्हनू नये.’ गावानं असं कधी म्हटलं नसतं. गावाला तुझा धाक होता. पण तो अर्धा गुण तू प्रामाणिकपणाच्या नावानं माझ्याकडून घेत राहिलीस, आणि मी दर वर्षी दुसरी येत राहिले. पहिली कोण, ते तुला माहीत आहे.

तो दुष्काळ आठवतो? सलग दुसऱ्या वर्षी पाऊस झाला नव्हता. तळं आटून गाळ उघडा पडलेला, विहिरीत दोर पुरेना. तू चुलीपुढं बसून भाकरी थापत होतीस आणि स्वतःशीच बोलत होतीस, उद्या भूपट्टांचा धडा आहे, या पोरांना दाखवू काय, यांनी समुद्र पाहिलेला नाही, हिमालय पाहिलेला नाही. मी ताटं मांडत होते. मी म्हणाले, ‘आई, तळ्यातला गाळ तडकलाय तसंच ना? तुकडे तुकडे?’ तुझा हात पिठावरच थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी तुझं लक्ष नाही. ‘अगं, हे मला कसं सुचलं नाय!’ म्हणालीस, आणि पिठाच्या हातानं माझा गाल धरलास. आई, माझ्या आठवणीत असं एकदाच झालंय. ती करपलेली भाकरी मी हट्टानं माझ्याच ताटात घेतली.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग तू तळ्यावर नेलास. कोरड्या गाळावर आम्ही चाळीस पोरं उभी. तू म्हणालीस, ‘हे बघा. आपल्यातल्या एकीला हे सुचलंय.’ एकीला! नाव घेतलं नाहीस. तरी माझे कान गरम झाले, कारण मला माहीत होतं. मग तू सांगायला लागलीस, पृथ्वीचं कवच असंच तुकड्यातुकड्यांचं आहे वगैरे, आणि मागून ती, तुझी लाडकी, बोलली. गाळाचा एक तुकडा तिनं उचलून हातात धरला होता, कडा वर वळलेल्या, खापरासारख्या. ‘बाई, ह्ये तसं नाय,’ म्हणाली. ‘ह्ये वाळून आकसलं म्हनून फाटलं. मधी मोकळी फट हाय. तुमी तर म्हनता भूपट्ट एकमेकाला लागून हायेत अन् सरकत्यात. ह्ये कुटं सरकतंय? ह्ये तर मेलंय.’

मला वाटलं, आता तू तिला बस खाली म्हणशील. मी वाट बघत होते, खरंच. तू चक्क हसलीस. ‘मग कसं असतं? तू सांग,’ म्हणालीस. ती जरा लाजली आणि म्हणाली, ‘मेंढरावानी. दोन कळप रस्त्यात समोरासमोर आले की काठावरची मेंढरं धडकत्यात, एकमेकाच्या अंगावर चढत्यात. मधलीला कायबी कळत नाय. ती आपली चालतीय.’ तुझ्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी कधी विसरले नाही. चुलीपुढं माझ्या वाट्याला जे आलं होतं ते मला फार मोठं वाटलं होतं. ते त्याच्या निम्मंही नव्हतं.

मग तू आमचेच दोन कळप केलेस. समोरासमोर चालायला लावलंस; पोरं धडकली, दोघं-तिघं रेट्यानं वर उचलली गेली, तू ओरडलीस, ‘हा झाला हिमालय!’ एक बारका पोरगा खाली दबला तर म्हणालीस, ‘हे असंही होतं, एक पट्ट दुसऱ्याच्या खाली जातो आन् तिथं आत वितळतो.’ मग पाठ करून दूर जायला सांगितलंस, मधे जागा पडली, ‘या फटीतून खालचा वितळलेला दगड वर येतो आन् नवी जमीन होते.’ मग खांद्याला खांदा घासत उलट दिशांनी चालवलंस आणि दोघांच्या सदऱ्यांच्या गुंड्या तुटल्या. ‘इथं नवं काय होत नाय, जुनं मोडत नाय, पण अडकतं, आन् सुटलं की जमीन हादरते.’ सगळी पोरं खूष, धुळीनं माखलेली. धडा असा आमच्यापैकी कुणी पुन्हा शिकलं नाही, हे मी मान्य करते. फक्त कळप करताना तू तिला काठावर उभं केलंस आणि मला मधोमध. मला एकही धक्का लागला नाही. ‘आपला भाग असाच मधे आहे,’ तू म्हणालीस, ‘आपल्याला भीती नाय.’

त्याच आठवड्यात तिचे वडील आले. चारा संपला होता, कळप घेऊन नदीच्या कडेनं लांब जायचं होतं, पोरगीही न्यायची होती. तू त्यांना ओट्यावर बसवून चहा दिलास आणि म्हणालीस, ‘पोरगी माझ्याकडं राहू द्या. वर्ष वाया जाईल.’ त्यांनी पागोटं काढून हातात धरलं. मग म्हणाले, ‘तुमच्या घरात तिला काय म्हनून ठिवता?’ तू म्हणालीस, ‘पोर म्हनून.’ मी आतून ऐकलं. मला कुणी विचारलं नाही.

ती नऊ महिने राहिली. वयानं माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, शाळेत उशिरा घातलेली, तरी मला ताई म्हणायची, बाईंची पोर म्हणून. तिची भाकरी माझ्याहून गोल व्हायची. टँकर आला की माझ्या आधी तिची घागर भरलेली असायची. रात्रीची भांडी झाली की तुम्ही दोघी चुलीशेजारी नकाशा उघडून बसायचात, ती विचारायची, तू सांगायचीस, आणि मी जांभया देत अंथरुणातून बघायचे. येऊन बसले असते तर तू नको म्हणाली नसतीस. पण मला बोलवायला हवं होतंस. एके दिवशी तू तिला म्हणालीस, ‘शाळेत बाई, घरात आई म्हनत जा.’ तिनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडावर काय होतं मला माहीत नाही, पण ती लगेच म्हणाली, ‘नगं, बाईच बरंय.’ त्या संध्याकाळी मी तिला विचारलं, तुझी मेंढरं परत कधी येणार? तू ते ऐकलंस. मारलं नाहीस. घागर खाली ठेवून एवढंच म्हणालीस, ‘हे घर तुझ्या एकटीचं नाय.’ त्यापेक्षा मारलं असतंस तर बरं झालं असतं.

पाऊस पडला आणि कळप परतला. ती जायला निघाली तेव्हा तू तिला तुझा नकाशांचा मोठा ग्रंथ दिलास. औरंगपुऱ्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणलेला, कापडी पाठीचा, ज्यात समुद्राच्या तळाचेही डोंगर दाखवले होते. ते पान मी हजारदा उघडलं होतं. मला तू नवी कंपासपेटी आणलीस. चांगली होती कंपासपेटी. मी तिला आठ दिवस हात लावला नाही.

मग ती शिकत गेली. शहरात, मग पुण्याला. मी घरीच होते तेव्हा, बी.ए. करून. लातूरकडं जमीन हलली त्या पहाटे आपल्या फडताळातली भांडी वाजली होती. पेपरात ते फोटो आल्यावर तू दोन दिवस नीट जेवली नाहीस. मला वाटलं, मेलेल्या माणसांसाठी. तसंही होतंच. पण तिसऱ्या दिवशी तू तिला आंतर्देशीय पत्र लिहिलंस आणि पेटीत टाकायला माझ्याकडं दिलंस. चिकटवलेलं नव्हतं, मी वाचलं. तू लिहिलं होतंस, ‘मी वर्षानुवर्षं पोरांना सांगत आले की आपण मधल्या मेंढरांत आहोत, आपल्याला धक्का बसत नाही. मी चुकीचं शिकवलं का?’ तिचं उत्तर आठ दिवसांत आलं. काठावरचा रेटा कळपाच्या आतपर्यंत पोचतो, मधे कवच पूर्वीच कुठं चिरलेलं असेल तर तो तिथं साठतो आणि एक दिवस सुटतो. ‘तुम्ही चुकला नाहीत बाई, अर्धंच सांगितलंत.’ तू ते पत्र वर्गात वाचून दाखवलंस आणि पोरांना म्हणालीस, मी अर्धं शिकवलं होतं, आता पुरं लिहून घ्या. गावात तुझं केवढं कौतुक झालं. मी मात्र त्या एका प्रश्नावर अडकले. आई, तू मला जन्मभर प्रश्न विचारलेस. पाढे, राजधान्या, भात लावलास का, उशीर का झाला. पण ज्याचं उत्तर तुला माहीत नव्हतं असा एकही प्रश्न तू मला विचारला नाहीस.

शेवटच्या आजारपणात मी तुझं सगळं केलं. हे मोठेपणानं सांगत नाही. मुलीनं करायचंच असतं. ती तीनदा आली, प्रत्येक वेळी लांबून. दुसऱ्या खेपेला मी दवाखान्यात दूध घेऊन आले तर तू तिला विचारत होतीस, ‘अजून सरकतंय का गं?’ आणि ती म्हणाली, ‘व्हय बाई. वर्षाला नखं वाढत्यात साधारन तेवढं.’ तू चादरीवरचा हात उचलून नखं बघत राहिलीस, लहान मुलासारखी हसलीस. ती नखं दर रविवारी मी कापत होते. मला कुणी सांगितलं नव्हतं की त्यात बघण्यासारखं काही आहे. मी दूध टेबलावर ठेवलं आणि बाहेर जाऊन बाकावर बसले.

तळ्यावरची ती ‘एकी’ मीच होते हे तिला माहीत नसेल असं मला वाटायचं. परवाच्या फोनवर ती म्हणाली, तळ्यावरचा धडा पुस्तकात घेतलाय, आणि गाळाची कल्पना बाईंच्या मुलीची होती हेही लिहिलंय. मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, ‘बाईच सांगायच्या की. नऊ महिन्यांत धा वेळा सांगितलं आसंल. म्हनायच्या, माझ्या पोरीला गाळ दिसला म्हनून तुला मेंढरं दिसली. तिला सांगू नको, हुरळून जाईल.’ हे ऐकून मला आनंद झाला असं लिहायला आवडलं असतं. पहिल्यांदा आला तो रागच. हेही तू तिलाच सांगितलंस! माझं कौतुकसुद्धा तिच्याकडं ठेवायला दिलंस, आणि चाळीस वर्षांनी ते मला तिच्या हातून घ्यावं लागलं.

आता खरं सांगते. वर मी लिहिलंय की तिला अजून उत्तर दिलेलं नाही. ते खोटं आहे. काल मीच तिला फोन केला. म्हणाले, आईला हे आवडलं नसतं. जाण्याआधी तिनं मला बजावून सांगितलं होतं, विद्यार्थ्यांनी मला बाईच म्हणावं. असं तू कधी म्हणाली नव्हतीस. मग ती म्हणाली, ‘बरं झालं ताई सांगितलंस. माझ्याकडून लई मोठी चूक झाली असती.’ आणि मला विचारलं, जेवलीस का. तिनं ‘बाईंना’ असं करायला सांगितलंय. पुस्तक सोमवारी छपाईला जातंय. आज शनिवार, म्हणजे अजून एक फोन केला तर शब्द बदलता येईल.

मी तो करणार नाही. वर्ग तिला दिला, चूल दिली, नकाशे दिले, तुझे प्रश्नही तिचेच. हा एक शब्द मला एकटीला हवाय. तुला पत्र पाठवता येत नाही याचं इतकी वर्षं वाईट वाटायचं, आज मात्र बरं वाटतंय, कारण हे तुझ्या हातात पडलं असतं तर तू माझ्यासमोर उभी राहून मला तो फोन करायला लावला असतास.